दादांच्या अर्ध्या मोटारीचे ब्रेक

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. कुणी विषय काढला की मी पाणी प्यायला उठायचो. पण गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत एका टवाळ गृहस्थानं तो जुना विनोद पुन्हा सांगितला. "त्या म्हाताऱ्यानं जिंदगीत एकच डाव बिरेक दाबला, अन् तो बी लागला नाई!" अख्खी पंगत हसली. माझे सख्खे भाचेही हसले. माझ्या अंगाची लाही झाली. म्हणून आता ठासून लिहितो. आमच्या ताईच्या भासऱ्यांइतका, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाइतका, मोटारीला जपणारा माणूस उभ्या वऱ्हाडात दुसरा झाला नाही. त्यांना कंजूष म्हणणारे, वेडा म्हणणारे सगळे खोटं बोलतात. आणि त्या खोट्याचा पाया मी घातलेला आहे.

त्यांना आम्ही दादा म्हणायचो. तेव्हा वाशीम हा अकोला जिल्ह्यातला नुसता तालुका होता, आणि अनसिंगच्या रस्त्यावर बैलगाडी, एसटी आणि दादा एवढीच वाहतूक होती. एका वर्षी कापूस चांगला पिकला, तेव्हा लोकांनी ट्रॅक्टर घेतले. दादा हैदराबादेला गेले आणि एका नवाबाच्या नातवाकडून परदेशी स्पोर्ट्स कार घेऊन आले. दोन माणसं बसतील एवढीच जागा, वर छप्पर नाही, मागे बाक नाही. गावानं तिला पहिल्याच दिवशी 'अर्धी मोटार' म्हणून टाकलं. दादांना राग आला नाही. त्यांना राग एकाच गोष्टीचा यायचा, ती म्हणजे ब्रेक. त्या गाडीचे ब्रेकचे पॅड, म्हणजे ब्रेक दाबला की चाकाला घासून झिजणाऱ्या चकत्या, आपल्या देशात मिळत नव्हत्या आणि बाहेरचा माल येण्याची वाट बंद होती. तेव्हा दादांनी ठरवलं की आहेत तेच पॅड गाडीच्या अंतापर्यंत, जमल्यास आपल्या अंतापर्यंत पुरवायचे. "बिरेक दाबला म्हंजे डायवर चुकला," असं ते म्हणायचे. बाजार करायचे तोही गाडी न थांबवता. पहिल्या फेरीत दुकानदाराला ओरडून सांगायचं, गावाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या फेरीत पिशवी झेलायची. घर यायच्या कितीतरी आधी ते पाय उचलत, आणि गाडी रांगत रांगत बरोबर दाराशी येऊन टेके. अलीकडेच थांबली तर आम्ही उतरून ढकलायची. पलीकडे गेली तर पुन्हा गावाला वळसा. एकदा ताईच्या सासूबाईंना असे तीन वळसे बसले, तेव्हा त्यांनी चालत्या गाडीतून आपली काठी अंगणात फेकली आणि म्हणाल्या, "निदान हे तरी उतरू दे घरी!"

घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला चहाच्या आधी एक प्रश्न असायचा. "सांगा बरं पव्हणे, अशा गाडीचे पॅड किती टिकतात?" एकदा बांधकाम खात्याचे एक इंजिनिअर म्हणाले, किती मैल चालते त्यावर आहे. दादा खवळलेच. "मैलाचा काय संबंध? पाय कोणाचा हाय ते इचारा ना!" इंजिनिअर चहा अर्धा टाकून गेले. दर सोमवारी दादा पुढचं चाक काढत आणि पॅडची जाडी चार आण्याच्या नाण्याशी लावून बघत. दादांच्या पत्नी, आमच्या वहिनी, ओट्यावरून म्हणायच्या, "माह्या तब्येतीची इतकी चौकशी कधी केली नाई यायनं. आजारी पडाचं तं चाकात जाऊन बसा लागते!"

आणि वरातीसाठी गाडी? नाव काढायचं नाही. आमदाराच्या मुलालासुद्धा त्यांनी दारातून परत पाठवलं होतं. "शंभर मैल पळवा, पॅडले काई होत नाई," ते सांगायचे. "पण वरातीत फर्लांगभर न्या, खलास! मोटर पुढं ओढते, बँड मांगं ओढते, अन् मधात पॅड जळून राह्यले!" हे सगळं मी त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकलं होतं. तरी माझं लग्न ठरलं आणि मला तीच गाडी पाहिजे होती. शाळेत मास्तर झालो होतो, डोळ्यांवर नवा गॉगल होता, आणि किन्हीराजाच्या सासरच्या मंडळींना दिपवायचं होतं. ताईनं दादांपाशी शब्द टाकला. दादांनी उठून गाडीच्या पुढच्या चाकावरून एकदा हात फिरवला. मग किल्ली माझ्या हातात देऊन म्हणाले, "वेशीपाशी उतरजो. पुढं घोडा करा. वरातीत घालू नको, शब्द दे." मी शब्द दिला.

वेशीपाशी घोडा उभा होता. बँडवाले म्हणाले, "नवरदेव, मोटर असतानी घोड्यावर कायले?" मला तेवढंच पाहिजे होतं. दुपारच्या उन्हात मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत ती गाडी बँडमागे मुंगीच्या पावलांनी गेली. जीप चालवणारा माझा मित्र स्टिअरिंगवर होता आणि त्याचा पाय ब्रेकवरून हलत नव्हता. मागच्या झाकणावर पोरं बसली होती. करपल्याचा वास आला, तो आम्ही फटाक्यांचा समजलो. परत येताना मित्र म्हणाला, "पॅड गेले वाटते बे. त्यायले सांगजो." मी हसून काय म्हणालो? म्हणालो, "ते ब्रेक लावतेतच कुठं!"

किल्ली परत दिली. दादांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पुढचा सोमवार आला, आणि त्या सोमवारी दादांनी चाक काढलं नाही. वहिनींनी आठवण केली तेव्हा म्हणाले, "सोयऱ्याच्या घरून आलेली वस्तू उलटीपालटी करून पाहाची नसते. त्याचा अपमान होते." हे ताईनं मला फार नंतर सांगितलं.

रामनवमीला ते पोहरादेवीच्या यात्रेला गेले. उतारावर एक बाई पोर कडेवर घेऊन अचानक गाडीपुढं आली. दादांनी ब्रेक दाबला. लोखंडावर लोखंड किंचाळलं, गाडी थांबली नाही. त्यांनी मोटार कडब्यानं भरलेल्या बैलगाडीत घातली. बाई वाचली, पोर वाचलं, बैल तर जागचे हललेही नाहीत. दादांचं डावं मनगट मोडलं ते पुढं कधी नीट वळलं नाही, आणि त्या हातानं गिअर पडेना. माणसं वाचवणाऱ्याचा सत्कार व्हायला हवा होता. लोकांनी विनोद केला! आणि मी मास्तर, शाळेत पोरांना खरं बोलायला शिकवणारा, त्या विनोदाला मान डोलावत राहिलो. ताईला त्या घरात नांदायचं आहे, असं मनाला समजावत होतो. गाडी नुकतीच माझ्याकडून परत आली होती, हे दादांनीही कुणापुढं काढलं नाही. ताईचं माहेर वाईट दिसू नये, म्हणून. त्यांचं गप्प राहणं तिच्यासाठी होतं. माझं माझ्यासाठी.

बऱ्याच वर्षांनी मी मनाशी वाक्य जुळवून अनसिंगला गेलो. गाडी कापसाच्या कोठीत होती आणि तिच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. दादा लिंबाखाली होते, केस पांढरे झालेले. मी तोंड उघडणार तेवढ्यात तेच म्हणाले, "काहून रे, वरात चांगली निंगाली होती म्हणे तुही, पारापासून मांडवालोक?"

मी म्हणालो, "हो, दादा."

"मंग झालं," ते म्हणाले, आणि वहिनींना चहा टाकायला सांगितला. पॅड किती टिकतात, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. मी चहा घेतला आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो. पुढच्या खेपेला दादा नव्हते.

जुळवलेलं वाक्य एवढंच होतं: दादा, तुमच्या पायाखाली ते पॅड जन्मभर टिकले असते. ते मी जाळले. मला माफ करा.