दगडाखालची घरकुलं

वडिवळे गावाच्या वरच्या अंगाला ठाकरवाडी. तिथली बाया नावाची म्हातारी कुठलंही पाणी तोंडाला लावायच्या आधी धारेतला एक दगड उलटायची आणि त्याची खालची बाजू डोळ्यांजवळ धरून बघायची. लोक हसायचे. हसू देत! तीन शेपट्यांचे चपटे किडे दगडाला धरून सरपटत असले, अंगाभोवती बारीक खडे चिकटवून घरकुल बांधणारी अळी असली, की पाणी गोड. नुसत्या तांबड्या अळ्या वळवळत असल्या, तर ते गुरांनाही नको. आणि दगड धुतल्यासारखा रिकामा निघाला तर? आई सांगून गेली होती, "हंडा पालथा घाल आन् वर जाऊन बघ."

असा दगड बायाच्या हाती आला तो घाटात विजेची इंजिनं धावू लागली त्याच्या दुसऱ्या वर्षी, वैशाखात. खाली गावात महिपतीच्या लेकीचं लग्न होतं. महिपती गावातला मोठा शेतकरी. सकाळपासून बायका ओढ्यावरून हंडे नेत होत्या, बायाही पाण्याच्या कामाला लागली होती. तिनं दगड उलटला. काहीच नाही. दुसरा उलटला, तिसरा उलटला. एक खेकडा पाणी सोडून उन्हात कोरड्या खडकावर बसला होता, बोट लावलं तरी हलेना. हंडा पालथा घालून, हातातला दगड तसाच धरून ती ओढ्यानं वर पळत सुटली.

वरच्या डोहाशी तिचा लेक शिदू गुडघाभर पाण्यात उभा होता. पाण्यावर फेस होता आणि मासे पोट वर करून तरंगत होते. काठावर कुटलेल्या गेळफळांचा चोथा पडला होता. गेळानं मासे गुंगतात, माणसाला मात्र आतडी पिळवटून ओकाऱ्या होतात. म्हणून वाडीची रीत अशी, की डोह आधी दगडमातीच्या बांधानं तोडायचा, खाली थेंब जाऊ द्यायचा नाही, आणि मगच गेळ टाकायचा. शिदूनं बांध घातला होता, पण घाईत. कामशेतच्या बाजारात मासळी न्यायची होती ना! खालचा बांध मधोमध फुटला होता.

"कवा फुटला रं?"

"पहाटं." शिदूचा चेहरा पांढराफटक पडला होता. "आये, कुनाला सांगू नगंस. लगीनघर हाय. जित्ता सोडायचे न्हाईत मला."

बाया खाली धावली. वाटभर तिला एकच दिसत होतं, लेकाच्या पाठीवर पडणाऱ्या काठ्या. नाव न घेता भागेल, नुसतं पाणी वाईट आहे म्हणू, असं ती स्वतःला बजावत होती.

मांडवात हंडे ओळीनं मांडले होते. पोरं तांबे बुचकळत होती. बाया ओरडली, "पानी पिऊ नगा! कुनी पिऊ नगा!"

वाजंत्री थांबली. महिपती पुढं आला. "बाये, आजच्या दिवशी ह्ये काय अभद्र बोलतीस?"

तिनं दगड पुढं केला. "बघा भाऊ. एक बी किडा न्हाई."

"किडं न्हाईत म्हंजे पानी चांगलंच की!" कुणीतरी म्हणालं आणि सगळा मांडव हसला. तिच्या वाडीचे दोघं होते, तेही हसले. म्हातारी भुलली म्हणे! महिपतीची चार वर्षांची पुतणी तांबा दोन्ही हातांनी उचलून तोंडाशी नेत होती.

बाया पुढं झाली. तिनं पोरीच्या हातातला तांबा उडवला. "गेळ हाय त्यात," ती म्हणाली. "माज्या शिदूनं टाकलाय. बांध फुटला."

मग कुणी हसलं नाही. हंडे उपडे झाले. आधी पाणी प्यायलेली तीन पोरं संध्याकाळपर्यंत ओकत होती, पण देवाच्या कृपेनं वाचली. त्याआधीच चार गडी काठ्या घेऊन ओढ्यानं वर गेले होते. बाया मांडवाबाहेर कान देऊन बसली. ते हात हलवत परत आले तेव्हा तिला रडू फुटलं. शिदू डोहावर नव्हता. घरीही नव्हता.

शिदू परतलाच नाही. कुणी म्हणे लोणावळ्याला रेल्वेच्या कामावर आहे, कुणी म्हणे घाट उतरून गेला. पावसानं ओढा धुऊन काढला आणि दिवाळीनंतर दगडाखाली घरकुलं पुन्हा दिसू लागली. पुढच्या वैशाखात महिपतीच्या घरी दुसरं लग्न निघालं. पहिला हंडा भरायच्या आधी तो स्वतः वाडीवर आला. बायानं दगड उलटून बघितला. "भरा," म्हणाली.

महिपती जरा घुटमळला. "बाये, शिदूला सांग, परत ये म्हनावं. कुनी बोट लावनार न्हाई त्याला."

बायानं दगड होता तसा पाण्यात ठेवला.

"कुटं सांगू, भाऊ?" ती म्हणाली.