दोन परस पाणी

गौरी जाऊन तीन दिवस झाले होते. मी सातवीच्या वर्गात फळ्यावर नकाशा काढत होतो, तेवढ्यात तालमीचे वस्ताद दारात येऊन उभे राहिले. एवढा दांडगा माणूस, पण अंग चोरून उभा होता. म्हणाले, "मास्तर, हवालदार गेले." मी खडू न थांबवताच विचारलं, "कुठं? मोशीला?" कारण आमचे ग्यानबा हवालदार कायम कुठेतरी गेलेलेच असत. खांद्यावर दोराचं वेटोळं टाकायचं आणि कुठलं तळं, कुठली पाण्याने भरलेली जुनी खाण पाहायला चालू लागायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. वस्तादांनी नुसती मान हलवली... तेव्हा मला कळलं. खडूने माखलेल्या हातांनी तसाच त्यांच्यामागून निघालो.

'गेले' या शब्दाने मला दोनदा फसवलं आणि दोन्ही वेळा हवालदारांच्याच बाबतीत. पहिली वेळ सांगायलाच हवी, कारण आमची ओळख तिथूनच सुरू होते.

मी मूळचा कोकणातला. शाळेत भूगोल शिकवायला म्हणून या बाजूला आलो आणि भोसरी आणि दिघीच्या मधल्या एका वाडीत खोली घेऊन राहिलो. मास्तर म्हटला की वाडीची पत्रं वाचणं आलंच. सगुणावहिनी महिन्या-दोन महिन्यांनी पाकीट घेऊन यायच्या. त्यांचे यजमान, म्हणजे हेच हवालदार, तेव्हा फौजेत, रस्ते आणि पूल बांधणाऱ्या तुकडीत, पार काश्मीरच्या वरच्या अंगाला. एकदा असंच पत्र आलं. मी ओटीवर बसून मोठ्याने वाचू लागलो. वर बर्फाच्या डोंगरात तळी सापडली आहेत, त्यांची पाहणी करायचं काम आमच्याकडे आलं आहे, वगैरे. पुढे लिहिलं होतं, "काल मोठ्या तळ्यात उतरलो. आठ पुरुष गेले, तरी तळ लागला नाही. उद्या पुन्हा सोडणार आहोत." आठ माणसं गेली आणि उद्या आणखी सोडणार! मी पत्राची घडी घातली आणि "पुढचं अक्षर लागत नाही" अशी थाप मारली. वहिनींनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मी अडखळत वाचलं, तर त्या पदर तोंडाला लावून हसायलाच लागल्या. "आवं मास्तर, परस म्हनायचंय त्यांला! इहीर मोजत्यात न्हाई का, तो परस!" आणि त्या अंगणात सरळ उभ्या राहिल्या, पिठाचे हात डोक्यावर ताणून. हात वर करून उभ्या राहिलेल्या माणसाची उंची म्हणजे एक परस, हे मला, भूगोलाच्या मास्तरला, त्या दिवशी कळलं. आठ माणसं नव्हे, दोर आठ परस आत गेला होता.

पुढे हवालदार घरी आले तेव्हा मी त्यांना हे सांगितलं. ते कानाच्या पाळ्यांपर्यंत लाजले. म्हणाले, "आमी परसच म्हनतो. पर हिनं कळवलं की नवे मास्तर पत्र वाचत्यात. म्हनलं मास्तरांसमूर गावंढळ नको, शुद्ध लिवावं." त्यांनी 'परस'चा 'पुरुष' केला तो माझ्यासाठी. कुणी माझा इतका मान ठेवलेला मला आठवत नाही, आणि त्या मानापायी मी आठ माणसं बुडवून मोकळा झालो होतो!

डाव्या पायाची दोन बोटं हिमाने नेली म्हणून फौजेने त्यांना घरी पाठवलं होतं. छातीत कफही तिकडचाच. पण त्या तळ्यांबद्दल बोलू लागले की माणूस खुलायचा. एकदा ते माझ्या वर्गात मागच्या भिंतीला टेकून बसले होते. मी हिमनदी शिकवत होतो, म्हणजे पुस्तकातून आलेलं फळ्यावर उतरवत होतो. तास संपल्यावर ते हळूच म्हणाले, "मास्तर, तुमची हिमनदी लई पळती. ती पळत न्हाई, सरकती. मानूस बघत बसला तर म्हातारा व्हईल." मग ओसरीत बसून त्यांनी मला हिमनदी शिकवली. बर्फ डोंगरावरून सरकताना दगड दळतो, जात्यासारखा. दळलेलं पीठ पाण्यात उतरतं, म्हणून ती तळी हिरवट दुधी दिसतात. हिरवी म्हणजे शेवाळाने नव्हे, दगडाच्या पिठाने. आणि बर्फ मागे हटला की त्याने आणून टाकलेल्या धोंड्यांची रास तशीच राहते, तिचाच बांध होतो, त्याच्या आड पाणी साठतं. रिकाम्या पिंपांचा तराफा करून ते त्या पाण्यावर गेले होते. "वल्हं थांबवलं की काईच आवाज न्हाई बगा... आपलाच श्वास आपल्याला मोठा वाटतो." साहेबाला खोली फुटात हवी असायची, हे परसात मोजायचे आणि मग बोटांवर हिशेब करून फूट सांगायचे.

फौजेचा दोर फौजेतच राहिला. इथे आल्यावर त्यांनी अंबाडीचा नवा दोर वळला. त्याला गाठी मारायच्या तर परस हवा, म्हणून ते स्वतः दाराच्या चौकटीला पाठ लावून हात वर करून उभे राहिले आणि वहिनींनी टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत दोर ताणून एकेक गाठ मारली. मी तिथेच चहा पीत होतो. शेजारच्या काकू डोकावून म्हणाल्या, "काय वो वहिनी, हवालदारांस्नी शाळंतल्या पोरावानी हात वर करून उभं केलं का काय?" हवालदार हात खाली न घेताच हसले. वहिनी रागावल्या, "हलू नगा, गाठ सरकती."

त्यानंतर आमचे रविवार पाण्यावर गेले. मोशी, चिखली, आकुर्डीच्या माळावरच्या खाणी. मला पोहता येतं, तरी मी काठावर वही घेऊन बसायचो आणि ते दोराला दगड बांधून सोडायचे. दिघीला लष्कराच्या हद्दीत एक तळं आहे. तिथल्या पहारेकऱ्याने आम्हाला अडवलं, तर यांनी खाडकन सलाम ठोकला आणि म्हणाले, "गहराई नापनी है, जवान." तो पंजाबी पोरगा आधी चक्रावला, मग त्याने बंदूक खांद्याला अडकवून स्वतःच दोराचं टोक धरलं. मोजून झालं की हवालदार दोर सावलीत पसरत आणि वाळल्याशिवाय तिथून हलत नसत. माझ्या पोटात कावळे ओरडत असले तरी. मी चिडून म्हणायचो, "अहो, घरी वाळवा की!" ते म्हणायचे, "वला दोर गुंडाळला की कुजतो मास्तर." याच्यापुढे माझं काही चालायचं नाही.

आणि मग आमच्या वाडीचं तळं. दरवर्षी माघात कोरडं पडायचं आणि बायकांना पाण्यासाठी पार नदीपर्यंत जावं लागायचं. सगळे म्हणायचे, तळ फुटलाय, पाणी पाताळात जातं. पंचांनी ठरवलं की बुजवून टाकावं, सपाट जागा होईल, पिंपरीकडे कारखाने उठताहेत, मालाच्या गाड्या उभ्या राहतील. हवालदारांनी त्या तळ्याचं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं आणि देवळाच्या कट्ट्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी पेल्याच्या बुडाशी बोटभर गाळ. ते म्हणाले, "तळं फुटलं न्हाई. भरलंय. पान्यानं न्हाई, मातीनं." वाडी हसली. मग माघात तळं कोरडं पडल्यावर त्यांनी तळात पहार मारून खड्डा घेतला आणि स्वतः त्यात उभे राहिले. हात वर केले तर बोटांची टोकं तेवढी दिसत होती. एक परस गाळ!

तरी पंच बधेनात. शेवटी वस्तादांनी तोड काढली. गाळ काढा, पावसाळा जाऊ द्या, आणि दसऱ्याला तळ्यात दोन परस पाणी भरलं तर तळं राहील, नाहीतर बुजवायचं. हवालदार कबूल झाले. सबंध उन्हाळा त्यांनी वाडीच्या मागे लकडा लावला. तालमीतल्या गड्यांना म्हणाले, "बैठका कशापाई मारता? पाट्या उचला." आणि गड्यांनी खरंच उचलल्या. शेतकऱ्यांनी गाळ गाड्या भरभरून शेतात नेला. मी सुट्टीत गावी गेलो होतो, परत आलो तर तळ्याच्या जागी खोलगट, ओळखू न येणारी जागा होती, आणि हवालदार बांधावर खोकत बसले होते. किती खोकत होते ते मी पाहिलं, आणि पाहूनही काही बोललो नाही. याचं मला वाईट वाटतं, आजही वाटतं.

आमची शेवटची भेट गौरी यायच्या आधीच्या रविवारी झाली. तळं काठोकाठ भरलं होतं. मी म्हटलं, मोजू या. तर म्हणाले, "अजून गढूळ हाय. गाळ बसू द्या, नायतर दगड कुठं टेकला ते कळत न्हाई. दसऱ्याला मोजू." घाई मलाच होती, त्यांना नव्हती...

खंडेनवमीला मी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पाटावर विळा, कुदळ, पहार मांडली होती आणि त्यांच्या मधोमध दोर, हळदकुंकू लावून. म्हणाल्या, "उद्या तुमी मोजा मास्तर. दुसऱ्या कुनाला त्यांनी हात लावू दिला न्हाई."

दसऱ्याच्या सकाळी सगळी वाडी बांधावर होती. हवालदारांनीच बांधून ठेवलेल्या पिंपांच्या तराफ्यावर मी बसलो. दगड सोडला. पहिली गाठ पाण्याखाली गेली. मग दोर बराच वेळ नुसता सरकत राहिला... आणि दुसरी गाठ पाण्याला लागली, बुडाली, वर आणखी वीतभर दोर गेला आणि मग दगड टेकला. "दोन परस!" मी ओरडलो. "आणि वर वीतभर!" बांधावर एकच गलका झाला. एक म्हातारे पंच मात्र अडून बसले, "कुणाचा परस? हवालदार चांगला लांब गडी. त्याचा परस आमच्याहून मोठा." वस्ताद म्हणाले, "म्हंजी पानी जास्तच झालं की, आबा!" मग म्हातारेही हसले. तळं राहिलं.

वहिनी तेवढ्या हसल्या नाहीत. मी काठाला आल्यावर त्यांनी ओल्या दोराची दुसरी गाठ बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, "सरकली न्हाई." मग दोर माझ्याच हातात दिला. चऱ्होलीचं तळं मोजायचं राहिलंय ना, म्हणाल्या.

मी दोर घरी आणला आणि माझ्या दाराच्या चौकटीपुढे वाशावरून सोडून वाळत टाकला, टोक जमिनीला टेकेल असा. संध्याकाळपर्यंत वाळला. गुंडाळण्याआधी मी चौकटीला पाठ लावून उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले, टाचा न उचलता. पहिली गाठ माझ्या बोटांच्या चार बोटं वर होती.