शेऱ्याचा रकाना

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तेव्हा जळगावात तो असलेली घरं बोटावर मोजण्याइतकीच होती, आणि त्यातलं एक आपलं आहे याचा मला भलताच ताठा चढला होता. सासरे वधू-वर सूचक केंद्र चालवत. पुढच्या खोलीत एक टेबल, दोन बाकं आणि कपाटभर वह्या, एवढाच पसारा. गाव त्यांना आबा म्हणे, मीही आबाच म्हणायचे. मी तीन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि त्या वह्या पाहिल्या की माझं डोकं फिरायचं. एक स्थळ शोधायला आबा अर्धा अर्धा तास पानं उलटत बसत. हे सगळं मशीनमध्ये टाकू, बटण दाबलं की यादी हजर, असं मी त्यांच्या मागे लागले. ते आठ दिवस नुसते हसले आणि शेवटी तुझ्या मनासारखं कर म्हणाले.

आबांच्या वह्यांची एक रीत होती. कुणालाही सांगता येईल ते शाईने लिहायचं: वय, उंची, शिक्षण, कूळ, शेती. जे फक्त समोर बसून, वेळ पाहून, ज्याला सांगायचं त्यालाच सांगायचं, ते समासात पेन्सिलीने. ‘मुलाची आई फटकळ.’ ‘नोकरी कायम नाही, कायम सांगतात.’ बोलणी पक्की व्हायच्या आधी आबा पेन्सिलीतलं सगळं दोन्ही घरांच्या कानावर घालत आणि मग खोडरबर घेऊन पुसून टाकत.

ही रीत मला माहीत नव्हती असं मुळीच नाही. लग्न होऊन आल्यापासून मी ती बघत होते. पण टाइप करायला बसले आणि शाई काय, पेन्सिल काय, स्क्रीनवर सगळी अक्षरं सारखीच. मी ‘शेरा’ नावाचा एक रकाना केला होता. समासात जे दिसेल ते त्यात भरत गेले. वर एकही रकाना रिकामा ठेवला नाही म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

दिवाळीनंतर धुळ्याला परिचय मेळावा होता. त्यासाठी आमच्याकडच्या सगळ्या स्थळांची पुस्तिका तिथल्याच एका छापखान्यात छापायची होती. त्यांनीही नवीन कॉम्प्युटर घेतला होता, तेव्हा कागद पाठवायचं कारणच नव्हतं. मी सगळी यादी फ्लॉपीवर घेतली, फ्लॉपी पाकिटात घातली आणि धुळ्याच्या एसटीच्या ड्रायव्हरभाऊंच्या हातात दिली. त्या काळी आमच्याकडे औषधं, दाखले, जेवणाचे डबे सगळं असंच जायचं. भाऊंनी पाकीट काचेजवळ खोचलं आणि गाडी सोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा प्रिंटरमधून निघालेली ती लांबच लांब यादी मांडीवर घेऊन वाचत होते. वाचता वाचता थांबले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि मला एका ओळीवर बोट ठेवून दाखवलं. भडगावच्या एका मुलीचं स्थळ होतं. शेरा: ‘लहानपणापासून फिट येतात. गोळी चालू आहे.’

“हेच तिकडे गेलं का?” एवढंच त्यांनी विचारलं.

मी मान डोलावली. ती मुलगी मला चांगली आठवत होती. तिची आई, अक्का, तिला घेऊन आमच्याकडे आल्या होत्या. अक्का विधवा, गिरणाकाठी थोडीशी शेती, मुलगी गावातल्या बालवाडीत शिकवायची. अक्कांनी मुलीला माझा कॉम्प्युटर बघायला पाठवलं आणि ती आत आल्यावर आबांना हळूच ते सांगितलं. आता तेच पुस्तिकेत छापून घरोघर जाणार. लग्न तर राहिलंच बाजूला, फिट येणाऱ्या बाईकडे लेकरं कशी ठेवायची म्हणून लोक तिची बालवाडीही सोडवतील, हे मला तिथेच उभ्या उभ्या दिसलं.

छापखान्याचा फोन लागेना. दहा वेळा फिरवला. केबलसाठी रस्ते खणले होते, निम्म्या धुळ्याचे फोन मुके होते. मिळेल ती एसटी पकडून आम्ही निघालो. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आबा मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मला स्वतःचाच संताप येत होता. कोर्समध्ये आत कसं टाकायचं ते सगळं शिकवलं होतं, काय टाकायचं नाही हे कुणी शिकवलं नव्हतं, आणि ते ज्या आबांकडून शिकता आलं असतं त्यांच्याच वह्यांना मी नाकं मुरडत होते.

छापखाना एका मुसलमान गृहस्थांचा होता. सगळे त्यांना चाचा म्हणत. आत शिरलो तर मशीन धडधडत होतं, आणि माझ्याच्याने पुढे पाऊल टाकवेना. आबाच पुढे झाले. चाचांनी आम्हाला पाहिलं, मशीन थांबवलं आणि मागच्या फडताळातून आमच्या यादीच्या कागदांचा गठ्ठा आणून आबांच्या हातात ठेवला. मशीनवर दुसऱ्याच कुणाच्या पावत्या छापल्या जात होत्या.

“लग्नाची कामं करण्यात हयात गेली आमची,” चाचा म्हणाले. “पोरीचं दुखणं कुणी छापायला देत नाही. चुकून आलं असणार म्हणून काम ठेवून दिलं. फोन लावत होतो, लागला नाही.”

मी तिथल्या स्टुलावर बसले आणि सगळ्यांदेखत रडले. इतकं हलकं मला माझ्या परीक्षेच्या निकालालाही वाटलं नव्हतं. चाचांनी चहा सांगितला. मग मी डोळे पुसून त्यांच्या कॉम्प्युटरवर बसले, माझी फाइल शोधली, पुसली, स्क्रीनवरच्या कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली. पुन्हा पुन्हा शोधून पाहिलं. “आता फक्त माझं डोकं राहिलं,” चाचा गमतीने म्हणाले, “पण मी वाचलेलं विसरलो आहे.” फ्लॉपी पर्समध्ये घालून आम्ही परत निघालो.

माझ्या लेखी प्रकरण मिटलं होतं. आबांच्या लेखी नव्हतं. अक्कांना सांगायला हवं, असं ते म्हणाले. काही झालंच नाही तर कशाला सांगायचं, म्हणून मी बरीच हुज्जत घातली. त्यांनी ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी भडगावच्या गाडीत मला शेजारी बसवलं.

अक्कांच्या ओसरीवर मी खाली मान घालून सगळं सांगितलं. अक्का भडकल्या. विश्वासाने सांगितलं ते तुम्ही त्या कॉम्प्युटरच्या डब्यात का घातलं, असं त्यांनी मला सुनावलं. मुलगी दारात उभी होती. ती रडेल असं मला वाटत होतं. ती पुढे आली आणि आबांच्या समोर बसली.

“मायले माहीत, आबासले माहीत, छापखानावालाले भी माहीत,” ती तिच्या अहिराणीत म्हणाली. “नि माले कोनी इचारंच नही, कोनले सांगानं ते.”

आबांनी इतक्या वर्षांत किती मुलींचं काय काय समासात लिहिलं असेल, पण ते त्या मुलींना विचारून लिहावं हे त्यांच्याही डोक्यात आलं नव्हतं. तसं त्यांनी तिथल्या तिथे बोलून दाखवलं आणि मग तिलाच विचारलं, काय करू सांग.

“मनं दुखनं शे, मीच सांगसू,” ती म्हणाली. दुखणं तिचं, तेव्हा सांगणारही तीच.

घरी येऊन मी सगळ्यांचे शेरे पुसले. तिच्या नावापुढे मात्र तिने सांगितलेलं एक वाक्य टाइप केलं आणि फ्लॉपी पुन्हा एसटीने धुळ्याला पाठवली. पुस्तिकेत ते तसंच छापून आलं: ‘बाकीचं मुलगी स्वतः सांगेल.’ मेळाव्यात लोकांनी त्या ओळीवरून भुवया उंचावल्या. दोन घरं येऊन, ऐकून, चहा अर्धा ठेवून उठली. अक्कांनी आम्हाला बोल लावले, ते आम्ही घेतले.

तिसरं स्थळ नरडाण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या मुलाचं होतं. आबांबरोबर मीही गेले होते. तिने चहाचा ट्रे खाली ठेवला आणि कुणी विचारायच्या आत स्वतःच सगळं सांगितलं, कधीपासून, शेवटची फिट कधी आली, गोळी कोणती. मुलाची आई मुलाकडे बघायला लागली. मुलाने थोडा विचार केला आणि तिलाच विचारलं, गोळी सकाळी घेता की रात्री, कारण माझी रात्रपाळी असते, त्या वेळी घरी कोण असेल ते बघावं लागेल.