ब्याण्णव किलोचा प्रवासी

आमचे हे वजनकाटे दुरुस्त करतात. किराणा दुकानातले, भंगारवाल्यांचे, पोस्टातले, दवाखान्यात तान्ही बाळं ठेवायचे, सगळे. पिशवीत पाच किलोचं पितळी वजन घेऊन शहरभर हिंडायचं, ते काट्यावर ठेवायचं, आणि काटा चार-दोन ग्रॅमने जरी चुकला तरी दुकानदाराने सख्ख्या आईला फसवलं असावं अशा नजरेने त्याच्याकडे बघायचं. बाजारात ह्यांचं नाव कुणाला ठाऊक नाही, काटेवाले म्हटलं की पुरे. ‘मापात पाप’ हे शब्द लग्नानंतर मी इतक्यांदा ऐकलेत की तितक्यांदा माझं नावही कधी ऐकलं नसेल.

अशा माणसाने खोटं बोलावं, तेही वजनाबद्दल, तेही पोटच्या पोरीशी, हे दुसऱ्या कुणी सांगितलं तर पटणार नाही. म्हणून मीच सांगते.

लेक विमान चालवायला शिकू लागली तेव्हा ह्यांनी कॉम्प्युटरवर घरबसल्या विमान उडवायचा खेळ आणला. ती काय शिकतेय ते बापाला कळायला नको का, असं त्यांचं म्हणणं. माझ्या शिवणाच्या खोलीतला अर्धा कोपरा गेला. टेबलाला चिमट्याने घट्ट बसवलेलं सुकाणू आलं, खाली पायाने दाबायची पॅडल आली. पॅडल दाबलं की चाकांची खुर्ची मागे पळायची, म्हणून जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची कायमची तिकडे गेली. तेव्हापासून पाहुणे आले की मी उभ्याने जेवते.

पहिले आठ दिवस मजेत गेले. मग लेकीने तिच्या विमानाच्या माहितीपुस्तकाची झेरॉक्स आणून दिली आणि घरातली शांतता गेली ती गेलीच. दोन माणसांचं छोटं विमान. इतकं वजन आणि इतकी उष्णता असेल तर किती फूट धावून जमीन सोडेल, मिनिटाला किती फूट चढेल, असे तक्ते त्यात होते. ह्यांनी खेळातलं तेच विमान तेवढंच भरलं, तेवढीच उष्णता लावली आणि पळवलं. पुस्तकात दिलेल्या अंतराच्या दोन तृतीयांशातच ते टुणकन उडालं. हे खुर्चीतून उठले, खोलीत तीन येरझाऱ्या घातल्या आणि म्हणाले, हे यंत्र मापात पाप करतंय.

खेळ बनवणाऱ्यांना पत्रं गेली. सूचनेबद्दल आभारी आहोत, असं उत्तर आलं. त्याने हे आणखीच भडकले आणि त्या विमानाचे आकडे जिथे लिहिलेले असतात त्या फायली स्वतःच उघडून बसले. इंजिनाची ताकद थोडी कमी कर, हवेचा अडथळा थोडा वाढव, पुन्हा उडव. एक आकडा जमला की दुसरा बिघडायचा. चढण जुळली तर वेग जास्त, वेग जुळला तर उतरताना विमान खाली टेकायलाच तयार नाही. माझ्या हातात स्टॉपवॉच. माझ्या मापांच्या वहीत शर्टाच्या बाह्या आणि विमानाची उड्डाणं एकाच पानावर; एका गिऱ्हाइकाची छाती मी सतरा सेकंद लिहून ठेवली आहे. ह्यांचं जेवणात लक्ष नाही, झोपेत स्वस्थता नाही. बोलता बोलता मध्येच उठून जायचे आणि खोलीतून इंजिनाचा आवाज यायचा.

चार महिन्यांनी जमलं. लेकीने बसून उडवून बघितलं, आणि हसून म्हणाली, "बाबा, हे आता आमच्या विमानाइतकंच आळशी झालंय." ह्यांचं एवढं कौतुक कधी कुणी केलं नव्हतं. त्या दिवशी दोनदा वाढून घेतलं.

खरी मेख तिथेच होती. आधीच तब्येत सुटलेली, त्यात चार महिने खुर्चीत बसून माणूस फुगणार नाही तर काय. मी शिवणारी बाई, मला कुणी वेगळं सांगायला नको. त्यांच्या तीन पँटींची कंबर मी वर्षभरात दोनदा उसवून सैल केली होती. डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं होतं आणि हे चारचौघांत उतरवलं म्हणून सांगत सुटले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मीही गप्प राहिले.

मग लेकीला परवाना मिळाला. पहिले प्रवासी बाबा, हे केव्हाच ठरलेलं. एका दुपारी तिचा फोन आला. विमानात काय काय आणि किती वजनाचं, त्याची बेरीज ती मांडत होती. तिने विचारलं, "बाबा, तुमचं वजन किती?" हे भिंतीकडे बघत म्हणाले, "अठ्ठ्याहत्तर." माझ्या हातात तेव्हा त्यांचीच पँट होती.

त्या दिवसापासून ह्यांचा पाय घरात ठरेना. काम अर्धं टाकून दुपारी घरी यायचे, खेळ लावायचे, बंद करायचे. निघायचे आणि दारातून परत फिरायचे, किल्ली विसरलो म्हणून. किल्ली हातातच. एकदा तर पितळी वजन भंगारवाल्याकडे विसरून आले, तीस वर्षांत पहिल्यांदा. माझ्याही मनात पाल चुकचुकत होती. मी शिवायला मशीनवर बसले तरी कान त्यांच्या पावलांकडे.

उड्डाणाच्या आदल्या दुपारी मी त्यांच्या कोपऱ्यात गेले. पडद्यावर लेकीचीच धावपट्टी होती, आखूड, आणि पलीकडे उंच झाडांची रांग. टाकी भरलेली, उष्णता अडतीस, वारा नाही, दुसऱ्या दिवशीच्या अंदाजाप्रमाणे. एका चौकटीत प्रवाशाचं वजन लिहायचं असतं. तिथे ब्याण्णव लिहिलेलं होतं.

मी मागे उभी आहे हे कळूनही ते वळले नाहीत. विमान पळत राहिलं, पळत राहिलं, शेवटी एकदाचं उठलं, आणि झाडं इतकी जवळ आली की मी खुर्चीची पाठ धरली. वरून गेलं. "दहा वेळा केलं," हे म्हणाले. "आठदा गेलं. दोनदा सुकाणू घाईने ओढलं, तेव्हा नाही गेलं."

मग सगळं बाहेर आलं. ह्यांना अठ्ठ्याहत्तर धरलं तर विमानाच्या मर्यादेत नऊ किलो शिल्लक राहतात, ब्याण्णव धरलं तर पाच किलो जास्त होतात. अठ्ठ्याहत्तरने दहाच्या दहा वेळा विमान झाडांवरून जातं. पण खरं सांगितलं की पोरगी मला ठेवून तुला नेईल, म्हणाले. तू काय, बावन्न किलो. त्यांच्या आवाजातला हेवा ऐकून एरवी मला हसू आलं असतं. तेव्हा मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. माणसांशी खोटं आणि यंत्राशी खरं, असला नवरा मी पहिल्यांदाच बघत होते. मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तिला फोन करा. करतो म्हणाले. मग चहा झाला, मग अंघोळ झाली, मग उद्या समोरासमोर सांगतो, असं ठरलं. फोन मीही दोनदा उचलला आणि ठेवला. सैल केलेल्या कमरेचं तिला काय सांगणार होते?

दुसऱ्या दिवशी पत्र्याच्या शेडसमोर ते विमान उभं होतं. पडद्यावर दिसायचं त्याहून कितीतरी लहान. उन्हाने जमीन तापलेली. लेक पंखाच्या सावलीत कागद धरून उभी होती. ह्यांनी पोट आत ओढून धरलं होतं, पिशवी या हातातून त्या हातात करत होते. ती एकेक आकडा मोठ्याने वाचू लागली. विमान, पेट्रोल, ती स्वतः, तिची बॅग, बाबा अठ्ठ्याहत्तर. तिने सहीसाठी पेन टेकवलं. मी तोंड उघडणार, तोच हे म्हणाले, "ब्याण्णव."

तिने वर बघितलं.

"अठ्ठ्याहत्तर पूर्वी होतो," हे म्हणाले. "आता ब्याण्णव."

तिने आकडा खोडला, नवीन लिहिला, बेरीज पुन्हा केली. पाच किलो जास्त. ती रागावेल असं मला वाटलं होतं. रागावली असती तर बरं झालं असतं. "बाबा, विमान चढलं नसतं ना," ती म्हणाली, "तर मी इंजिनात चूक शोधली असती. स्वतःच्या हातात शोधली असती. तुमच्या आकड्यावर मला संशय आलाच नसता."

हे पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिले. त्यांच्याकडे बघवेना.

थोडं पेट्रोल काढलं असतं तर पाच किलो कमी झाले असते, पण टाकी रिकामी करणारा मिस्त्री त्या दिवशी नव्हता, आणि विमान तासाभरासाठीच मिळालेलं. म्हणून मी गेले. हौस नव्हती, भीती होती, पण गेले. विमान चटकन उठलं आणि झाडं खालून आरामात निघून गेली. लेकीने विचारलं, "आई, तुला माहीत होतं?" हो म्हटलं. ती वर्तुळ घेत होती, पंख कलला, आणि खाली कुंपणापाशी हे दिसले, एकटे. वर बघत नव्हते. हातातल्या घड्याळाकडे बघत होते. मला आयुष्यात एवढं अपराधी कधी वाटलं नव्हतं.

उतरल्यावर लेक त्यांना शेडमध्ये घेऊन गेली. तिथे सामान तोलायचा काटा होता. उभे राहा, म्हणाली. ह्यांनी आधी पिशवीतून पितळी वजन काढून काट्यावर ठेवलं, आकडा बघितला, बरोबर आहे म्हणाले. मग सवयीने बूट काढायला वाकले.

"बूट राहू द्या," ती म्हणाली. "बूट घालूनच उडणार आहात ना?"

हे तसेच चढले आणि पोट ओढून न धरता उभे राहिले. त्र्याण्णव. तिने कागदावर त्र्याण्णव लिहिलं, टाकी अर्धी लिहिली, गुरुवार सकाळी सहा, म्हणजे हवा थंड असेल, असं लिहिलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. खाली प्रवाशाच्या सहीसाठी जागा नसते, तरी ह्यांनी पेन मागून घेतलं आणि सही केली.