सिनेमाच्या बॉक्सवर मारामारीचा गेम

मित्रांनो, टीव्हीवर सिनेमे बघायचा स्वस्तातला बॉक्स गेम खेळायला चालतो का, हे आज खारदांड्याच्या कोळीवाड्यात आमच्या घरी ठरणार होतं. खेळणारे दोघं, मी आणि धाकटा भाऊ रूपेश. गेम मारामारीचा.

मी बटण दाबायचो आणि ठोसा सेकंदभराने बसायचा. तोवर रूपेशने मला तीनदा लोळवला होता. मग बॉक्स तापून बंद पडला. रूपेशने मासळीच्या पेटीतला बर्फ पिशवीत भरून त्यावर ठेवला आणि हसला, "बॉक्स थंड होईल रे दादा, तुझं काय?"

माझं डोकंच सटकलं. सरळ त्याच्या तोंडावर ठोसा हाणला. हा मात्र लगेच बसला. ओठ फुटला, बनियन रक्ताने भरलं.

बॉक्स गेमला चालत नाही. बर्फाची तीच पिशवी ओठाला लावून रूपेश समोर बसलाय. पहिलं काय बोलू, सांगा ना यार?