लाल ठिपका

नागापूरच्या आमच्या कारखान्यात तो माल तपासतो. मापात न बसणाऱ्या जॉबवर, म्हणजे बनवलेल्या भागावर, लाल ठिपका देऊन तो बाद करतो आणि तो ठिपका मॅनेजरच्या बापालाही पुसता येत नाही. बोलण्याआधी चष्मा कपाळावर चढवायची त्याची खोड आहे.

यंदा आठ दिवस भांडून आम्ही वर्षातल्या दहा आवडत्या सिनेमांची यादी केली आणि कँटीनच्या भिंतीवर लावली. हा लाल रंगाचा डबा घेऊनच आला. ज्याने जो सिनेमा सुचवला, त्याला दरडावून विचारायला लागला, "पुरा पाहिला का? का मोबाईलवर तुकडं बघून मत दिलं?" मी आणि आणखी एकाने "पुरा पाहिलाय" म्हणून सांगितलं. बाकीचे चाचरले. सात सिनेमांवर ठिपके पडले.

माझं डोकंच फिरलं. "आन् यादीतला एक नंबरचा तुझाच ना? तो तू पुरा पाहिला का रे?"

चष्मा वर गेला. "न्हाई. डबल ड्युटी करून गेल्तो. इंटरव्हलनंतर झोप लागली."

त्याने आपल्याही सिनेमावर ठिपका दिला आणि डबा उचलून गेला.

यादीत दोनच सिनेमे उरलेत. त्यातला एक माझा. रोज जेवताना त्याचं नाव भिंतीवर समोर दिसतं आणि त्या माणसाचा नुसता संताप येतो.

तो सिनेमा मी अजून पाहिलेला नाही.