वारसानं धरलेलं काळीज

“पेजंत मीठ कुठं गेला गो, शेवंते?”

“डाक्तरनं तोरलाय ना, आय. सुका म्हावरा पन बंद सांगलाय.”

“डाक्तरनं तोरला का तुजे दादल्यानं? आधी तू पी एक घोट.”

सुनेनं घोट घेतला, तोंड वाकडं केलं. तरी दगडाबाईनं ताटली दूर सरकवलीच. कळव्याच्या खाडीत जन्मभर चिंबोऱ्या धरलेली बाई ती. आत काय बसलंय हे ओळखल्याबिगर बिळात हात घालायची नाही.

पंच्याऐंशी साल असेल. श्रावणात सगळा कोळीवाडा तापानं फणफणला, मग उठला. दगडाबाईही उठली, पण पुन्हा चिखलात उतरली ती मधेच मटकन बसली. छातीचा भाता झालेला, पाय केळीच्या बुंध्यासारखे सुजलेले. लेक धाकूनं ठाण्याला डॉक्टरकडे नेली. डॉक्टर धाकूला म्हणाला, “तापाच्या व्हायरसनं हृदय धरलंय यांचं.”

म्हातारीच्या कानात शिरलं ते निराळंच. वारसानं काळीज धरलंय!

वारस एकच, धाकू. आणि हाच धाकू आखाडापासून मागं लागलेला, “आय, खाडीवरची जागा बिल्डरला देवून टाकू.” झालं! धाकूनं आणलेल्या गोळ्या राखेत जायला लागल्या. मिठाला जागणारा माणूस असं अळणी घालतो होय?

पण सूज पोटऱ्यांवर चढली. आडवं झालं की जीव कोंडायचा. पुन्हा दवाखाना. या खेपेला तिनं लेकाला दाराबाहेर उभं केलं.

“तुमीच सांगलाव ना, वारसानं माजा कालीज धरलाय? मंग त्याचेच हातानं गोल्या कशा पाठवताव?”

डॉक्टर कपाळाला हात लावून म्हणाला, “वारस नाही हो, व्हायरस! तापाचा जंतू. ताप उतरतो, पण कधी कधी हृदयाला सुजवून जातो. गोळ्या टाळल्या तर छातीत पाणी भरेल.”

“दिसतंय का तो?”

“नुसत्या डोळ्यांना नाही.”

“मंग दिसतंय त्याचेवर नजर ठेवलेली बरी. गोल्या घेतंय. पन गोल्यांची पुरी माजे उशाखाली ऱ्हाईल.”

गोळ्यांनी लघवी सुटली, पाय उतरले, धाप कमी झाली. चिखल मात्र बंद. तिथं आता शेवंती उतरायची. दगडाबाई दारात बसून चिंबोऱ्यांच्या नांग्या सुतानं बांधायची.

एकदा धाकू गोड आवाजात म्हणाला, “आय, आता बरी झालीस. ते जागेचा काय तो—”

“सूत दे तिकरचा,” म्हातारी म्हणाली, आणि वळवळणाऱ्या चिंबोरीवर पाय देऊन तिनं पुढची गाठ आवळली.